माणदेश, औंध संस्थान आणि व्यंकटेश माडगूळकर : एका लेखनप्रवासाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

सातारा व सांगली जिल्ह्यांचा विचार करताना कृष्णा-कोयनेचे खोरे प्रथम डोळ्यासमोर येते. कराडच्या प्रीतिसंगमावर दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात, ऊस पिकतो, सहकाराची उभारणी होते आणि राजकारणाला नेतृत्वही याच पट्ट्यातून मिळते. परंतु कराडहून पूर्वेकडे जाऊ लागले की अवघ्या काही तासांच्या प्रवासात जमिनीचा रंग बदलतो. झाडे विरळ होतात, माळ उघडे पडतात आणि पाणी हाच सर्व व्यवहारांचा कणा बनतो. माण नदीच्या आसपासचा हा प्रदेश म्हणजे माणदेश होय. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत या तालुक्यांचा थोडाफार भाग त्यात येतो. या प्रदेशाचा राजकीय इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. जो लिहिला गेला आहे, तो प्रामुख्याने दुष्काळाच्या अहवालांत आणि गॅझेटियरच्या पानांत आढळतो. माणसांचा इतिहास मात्र कथा-कादंबऱ्यांत आहे, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचे नाव व्यंकटेश दिगंबर माडगूळकर (१९२७-२००१) यांचे आहे.

माडगूळकरांचा उल्लेख सामान्यतः नवकथाकार व ग्रामीण साहित्यिक म्हणून केला जातो. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेण्याचा प्रघात आहे. तो योग्यच आहे. तथापि ते कादंबरीकार, नाटककार व पटकथालेखकही होते, तसेच सुमारे तीन दशके आकाशवाणीचे नोकर होते. त्यांच्या लेखनाकडे केवळ वाङ्मयीन दृष्टीने न पाहता, विसाव्या शतकाच्या मध्यात या भागात झालेल्या स्थित्यंतराचा साक्षीपुरावा म्हणून पाहिल्यास काय हाती लागते आणि काय निसटते, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

औंध संस्थानातील बालपण

माडगूळकरांचा जन्म आटपाडी तालुक्यातील माडगुळे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात असले तरी त्या काळी ते औंध संस्थानात होते. वडील दिगंबरपंत संस्थानच्या नोकरीत कारकून होते. घरची स्थिती बेताची, मुले अनेक आणि बदल्यांमुळे बिऱ्हाड फिरते. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर (१९१९-१९७७) पुढे कवी, गीतकार व पटकथाकार म्हणून प्रसिद्धीस आले. या कुटुंबाची, विशेषतः आईची कहाणी व्यंकटेशांनी पुढे ‘करुणाष्टक’ (१९८२) या कादंबरीत सांगितली. कारकुनाचे घर म्हणजे गावातील इतरांच्या मानाने प्रतिष्ठेचे, पण भाकरीची चिंता मात्र सर्वांसारखीच. त्यांच्या लेखनातील निवेदकाचे स्थान हेच आहे. तो गावातला आहे आणि गावापासून किंचित अंतरावरही आहे.

औंध हे लहान संस्थान होते. बहात्तर गावे, तीही सलग नव्हेत, तर औंध, कुंडल, आटपाडी व गुणदाळ अशा चार तालुक्यांत विखुरलेली. परंतु या संस्थानाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठे आहे. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार, कलासंग्राहक व सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक होते. त्यांनी १९३८ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविण्याचा मनोदय जाहीर केला आणि जानेवारी १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली स्वराज्याची घटना अमलात आणली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून भारतात आलेले मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. ग्रामपंचायतींना अधिकार, गावच्या उत्पन्नाचा मोठा भाग गावाकडेच ठेवणे व शिक्षणाचा प्रसार ही या प्रयोगाची मुख्य अंगे होती. आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहतही याच काळात वसविण्यात आली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाचे मूळ या वसाहतीत आहे आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांनी लिहिली, हे सुपरिचित आहे.

थोरल्या भावाला या प्रयोगातून एक उदात्त कथानक मिळाले. धाकट्या भावाने तो प्रयोग गावाच्या पातळीवर, शाळामास्तरच्या नजरेतून पाहिला.

बेचाळीस आणि नंतर

व्यंकटेशांचे शालेय शिक्षण पूर्ण झाले नाही. कोवळ्या वयात त्यांनी आटपाडी तालुक्यातील निंबवडे येथे शिक्षकाची नोकरी केली. त्याच सुमारास बेचाळीसची चळवळ सुरू झाली. सातारा जिल्ह्यात (आजचा सांगली जिल्हा तेव्हा बहुतांशी त्यातच होता) या चळवळीचे स्वरूप आगळे होते. २४ ऑगस्ट १९४२ रोजी कराडच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, ३ सप्टेंबरला तासगावला गेला आणि ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली व क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तिला प्रतिसरकारचे रूप आले. या भूमिगतांना औंधच्या हद्दीचा, विशेषतः कुंडल परिसराचा मोठा आधार होता. संस्थानी हद्दीत ब्रिटिश पोलिसांना मोकळेपणाने वावरता येत नसे आणि दरबारचेही चळवळीकडे सहानुभूतीने पाहणे होते.

माडगूळकर या चळवळीत ओढले गेले आणि काही काळ भूमिगत राहिले. या अनुभवावरील ‘कोवळे दिवस’ ही कादंबरी १९७९ मध्ये, म्हणजे जवळजवळ चार दशकांनी प्रसिद्ध झाली. चळवळीच्या आठवणींचे जे लेखन साताऱ्यात विपुल झाले, त्याहून ती वेगळी आहे. तीत पराक्रमाचा आव नाही. घर सोडलेल्या पोराची भूक, भीती, लपण्याच्या जागा आणि आसरा देणाऱ्या माणसांचे स्वभाव हाच तिचा विषय आहे. प्रतिसरकारचा इतिहास लिहिणाऱ्यास पुढाऱ्यांच्या मुलाखती व पोलिसांची कागदपत्रे उपलब्ध असतात. परंतु एका अनोळखी मुलाला रात्री भाकरी वाढणाऱ्या घराला कशाची किंमत मोजावी लागत असेल, याची कल्पना त्या कागदांतून येत नाही.

स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढील वर्षी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. कागदावरचा हा बदल ज्या वर्षी घडला, त्याच वर्षी या भागात एक वेगळीच आग लागली होती. त्याचा विचार पुढे केला आहे.

‘माणदेशी माणसे’ ते ‘बनगरवाडी’

माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसे’ हे पहिले पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस होते. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, बन्याबापू ही त्यातील माणसे. त्यापूर्वीच्या मराठी साहित्यात खेडे नव्हते असे नाही. र. वा. दिघे, ग. ल. ठोकळ यांनी ते लिहिले होते. पण त्या लेखनात खेड्याचे एक रम्य, भावविवश रूप वारंवार डोकावत असे. माडगूळकरांनी ते बाजूस सारले. त्यांचे वाक्य आखूड, विशेषण क्वचित आणि दुःखाचे स्पष्टीकरण नाही. इंग्रजी ते स्वतःच्या प्रयत्नाने शिकले आणि लिआम ओ’फ्लाहर्टी, स्टाइनबेक यांसारखे लेखक त्यांनी मुळातून वाचले. चित्रकलेचा त्यांना लहानपणापासून नाद होता व तो आयुष्यभर टिकला. त्यांच्या गद्यातील रेखाटनाचा गुण तिथून आला असावा. ‘गावाकडच्या गोष्टी’, ‘हस्ताचा पाऊस’, ‘काळी आई’ हे कथासंग्रह पुढील पाच-सहा वर्षांत आले.

‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ ची. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर औंध संस्थानातील धनगरांच्या एका लहान वाडीवर नेमला जातो. शाळा ओस पडलेली. मेंढरामागे जाणाऱ्या पोरांना अक्षरांचे काय काम, हा वाडीचा साधा प्रश्न. मास्तर हळूहळू वाडीचा कागद वाचणारा, पत्र लिहिणारा, भांडणे मिटविणारा माणूस होतो. वृद्ध कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, गैरसमजाने दुरावतो आणि पुन्हा जवळ येतो. वाडी श्रमदानाने तालीम बांधते, उद्घाटनाला खुद्द औंधचे राजे येतात. पुढे पाऊस पडत नाही. माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी रिकामी होते आणि विद्यार्थी नसलेल्या शाळेच्या मास्तरची बदली होते.

इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या कादंबरीतील तालमीचे प्रकरण विशेष लक्षणीय आहे. औंधच्या स्वराज्य-प्रयोगाविषयी जे लेखन उपलब्ध आहे, ते मुख्यतः राजघराण्याच्या व गांधीवादी कार्यकर्त्यांच्या बाजूचे आहे. त्यात घटना, पंचायती, न्यायदान यांचे वर्णन येते. ‘बनगरवाडी’त हाच काळ वाडीच्या बाजूने दिसतो. तेथे स्वराज्याची घटना कोणाच्या बोलण्यात नाही. तेथे आहे तो एक मास्तर, एक तालीम आणि व्यायामाची आवड असलेला एक राजा. सरकार म्हणजे मास्तर, एवढीच वाडीची समजूत आहे. वरून आलेली सुधारणा खाली पोचताना कोणते रूप घेते, याचे इतके नेमके चित्र अन्यत्र सापडणे कठीण. शिवाय तालीम उभी राहिली म्हणून दुष्काळ टळला नाही, हेही लेखकाने कोणतीही टिप्पणी न करता दाखविले आहे.

राम देशमुख यांनी केलेले या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ या नावाने १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे ती मराठीबाहेरही वाचली गेली.

‘वावटळ’ : एक अवघड साक्ष

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले. सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत खेडोपाडी जाळपोळ झाली. याविषयी या जिल्ह्यांत दीर्घकाळ मौन राहिले. ज्यांची घरे जळाली त्यांतील अनेकांनी गाव सोडून पुणे-मुंबई गाठली. त्याच वर्षी झालेल्या कूळकायद्याने जमिनीचे नातेही सैल होत गेले. ज्यांनी आग लावली त्यांच्या घरांत त्याची आठवण पुढे सांगण्याचे कारण नव्हते. शिवाय गांधीहत्येसारख्या घोर अपराधापुढे या जाळपोळीचा उच्चार करणे अनेकांना अनुचित वाटत असे.

या मौनाला छेद देणारी कादंबरी म्हणजे ‘वावटळ’ (१९६४). हत्येची वार्ता आल्यानंतर पुण्याहून आपल्या गावाकडे निघालेल्या तरुणांचा हा प्रवास आहे. वाटेत ऐकू येणाऱ्या बातम्या, अफवा, ओळखीच्या माणसांच्या बदललेल्या नजरा आणि शेवटी जळालेले घर. पीडितांच्या बाजूने लिहिलेल्या कथनात सामान्यतः आक्रोश असतो किंवा आरोप असतो. येथे दोन्ही जवळजवळ नाहीत. घर जाळणारी माणसे परकी नाहीत, ती गावचीच आहेत, काही तर स्नेहाची आहेत. त्यांच्या कृत्यामागे केवळ क्रोध नाही, जुने हिशेब आहेत, लूट आहे, गंमतही आहे. वाचवू पाहणारेही त्याच गावातले आहेत.

‘वावटळ’ला पुरावा म्हणून वापरताना सावधगिरी अर्थातच हवी. ती कादंबरी आहे, जबानी नव्हे. ती घटनेनंतर सोळा वर्षांनी लिहिली गेली आहे आणि लेखक ज्या समाजाचा होता, त्याच समाजाच्या नजरेतून ती सांगितली गेली आहे. ब्राह्मणेतर समाजात सत्यशोधक चळवळीपासून साचत आलेला असंतोष, सावकारी व वतनदारीची पार्श्वभूमी यांचा तीत ओझरताच प्रत्यय येतो. ही मर्यादा मान्य करूनही, दंगलीच्या काळात खेड्यातील शेजारधर्म कसा तुटतो व कोठे टिकतो, याबाबत तिचे मोल कमी होत नाही. महाराष्ट्रातील जातीय तणावांच्या अभ्यासात ‘बनगरवाडी’इतकीच ‘वावटळ’ची चर्चा व्हावयास हवी होती. ती झाली नाही, याचे कारण वाङ्मयीन नसून सामाजिक आहे.

नभोवाणी, रंगभूमी आणि चित्रपट

१९५५ पासून माडगूळकर पुणे आकाशवाणी केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात काम करू लागले. लेखणीवर घर चालविणे मराठीत तेव्हाही कठीण होते, आणि या नोकरीने त्यांना स्थैर्य दिले. परंतु तिचा परिणाम केवळ आर्थिक नव्हता. शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत सांगण्याची ही रोजची तालीम होती. पुढे शंकर पाटील व द. मा. मिरासदार यांच्यासह त्यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गावोगाव केले. ग्रामीण कथा अशा रीतीने छापील पानावरून पुन्हा श्रोत्यांकडे गेली.

नाटककार म्हणून त्यांनी ‘तू वेडा कुंभार’, ‘सती’, ‘पति गेले गं काठेवाडी’, ‘बिनबियांचे झाड’ अशी नाटके लिहिली. त्यांपैकी ‘पति गेले गं काठेवाडी’ हे लोककथेच्या बाजाचे खेळकर नाटक रंगभूमीवर विशेष लोकप्रिय ठरले. बर्टोल्ट ब्रेख्टच्या ‘सेत्झुआनची भली बाई’ या नाटकाचे त्यांनी ‘देवाजीने करुणा केली’ असे मराठी रूप सिद्ध केले, ही गोष्ट त्यांना केवळ ‘ग्रामीण’ या कप्प्यात ठेवणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. तरीही नाटक हे त्यांचे प्रमुख माध्यम नव्हे. त्यांच्या गद्याचे बळ न बोलण्यात आहे आणि रंगमंचावर पात्रांना बोलावेच लागते.

चित्रपटाचे मात्र तसे नाही. अनंत माने दिग्दर्शित ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) या चित्रपटाची कथा गो. गं. पारखी यांची व पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची. जयश्री गडकर, हंसा वाडकर, चंद्रकांत व सूर्यकांत यांच्या भूमिका, वसंत पवार यांचे संगीत आणि ग. दि. माडगूळकरांची गीते यांनी सजलेला हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चालला. गावच्या पाटलाच्या अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीची मुलगी तमाशाच्या फडात वाढते आणि अखेरीस फडाच्या मंचावरूनच गावासमोर जुना अन्याय उघडा पडतो, असे त्याचे कथासूत्र आहे. या यशानंतर मराठीत तमाशापटांची लाट आली. पाटील, फड, लावणी व सूड ही त्यांची ठरीव सामग्री बनली.

येथे एक विसंगती दिसते. ज्या लेखकाने साहित्यातील भडक खेडे हद्दपार केले, त्याच्याच पटकथेतून पडद्यावरच्या भडक खेड्याला चालना मिळाली. काही समीक्षकांनी याकडे पोटासाठी केलेले काम म्हणून दुर्लक्ष केले. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. ‘सांगत्ये ऐका’मधील मूळ कल्पना, म्हणजे ज्या गावात दाद मागण्यास जागा नाही तेथे तमाशाचा मंच हाच न्यायासनाचे काम करतो, ही ग्रामीण समाजाच्या जाणकारालाच पेलणारी कल्पना आहे. नंतरच्या अनुकरणांनी लावणी तेवढी घेतली, मंचाचा हा अर्थ सोडून दिला. त्याचा दोष मूळ पटकथेच्या माथी मारता येत नाही. हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मकथनास हेच शीर्षक दिले. त्या दोन शब्दांत एका स्त्रीच्या तक्रारीचे किती बळ होते, हे त्यावरून कळते.

अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये ‘बनगरवाडी’ पडद्यावर आणली, तिची पटकथाही माडगूळकरांचीच होती. मास्तरच्या भूमिकेत चंद्रकांत कुलकर्णी व कारभाऱ्याच्या भूमिकेत चंद्रकांत मांढरे होते. या चित्रपटास उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सांगत्ये ऐका’ आणि ‘बनगरवाडी’ यांच्यामध्ये छत्तीस वर्षांचे अंतर आहे आणि दोन्हींत चंद्रकांत मांढरे आहेत. मराठी चित्रपटातील खेड्याचा एक वेगळा इतिहास या एवढ्या तपशिलावरून मांडता येण्यासारखा आहे.

माणसांकडून रानाकडे

उत्तरायुष्यात माडगूळकर जंगलाकडे वळले. तरुणपणी ते शिकार करीत. पुढे बंदूक सुटली व निरीक्षण राहिले. ‘नागझिरा’ हे जंगलातील मुक्कामाचे पुस्तक आणि ‘सत्तांतर’ (१९८२) ही वानरांच्या टोळ्यांवरील कादंबरी ही त्याची फळे. टोळीवर नवा नर सत्ता मिळवितो तेव्हा जुन्या पिढीचे व पिलांचे काय होते, हे ‘सत्तांतर’मध्ये कोणताही मानवी उपदेश न जोडता सांगितले आहे. आणीबाणी व तिच्यानंतरच्या सत्ताबदलांची आठवण ताजी असलेल्या वाचकांनी त्यात राजकारण शोधले नसते तरच नवल. या कादंबरीस १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्याच वर्षी अंबाजोगाई येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

या संमेलनांच्या यादीत आटपाडी तालुक्याचे स्थान थक्क करणारे आहे. १९७३ मध्ये यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९८३ मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि लगेच १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात. पाण्यावाचून तडफडणाऱ्या एका तालुक्याने अकरा वर्षांत तीन अध्यक्ष दिले. यांतील शंकरराव खरात यांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मकथन ‘माणदेशी माणसे’च्या शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते. एकाच तालुक्याचे तेच माळ, तेच दुष्काळ, पण खरातांच्या लेखनात गावाकडे महारवाड्यातून पाहिले जाते आणि तराळकीचे ओझे अंगावर असते. माडगूळकर आपल्या रामोशी, धनगर, महार पात्रांविषयी अपार आस्थेने लिहितात, मात्र त्या माणसांना तसे जगावयास लावणारी व्यवस्था ते क्वचितच प्रश्नांकित करतात. वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांनी ‘फकिरा’त (१९५९) हाच प्रश्न ऐरणीवर घेतला. भुकेसाठी धान्य लुटणारा साठे यांचा फकिरा आणि माडगूळकरांचे रामोशी हे एकाच जिल्ह्याचे रहिवासी आहेत. ‘गुन्हेगार’ हा शिक्का दोघांच्याही वाट्याला आलेला आहे. एकाचा लेखक त्या शिक्क्याविरुद्ध बंड करतो, दुसऱ्याचा लेखक तो शिक्का वागविणाऱ्या माणसाशेजारी बसून त्याचे ऐकतो. या भागाच्या सामाजिक इतिहासास दोन्ही साक्षींची गरज आहे, आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत त्या सहसा एकत्र शिकविल्या जात नाहीत.

ऑगस्ट २००१ मध्ये पुणे येथे माडगूळकरांचे निधन झाले. ज्या औंध संस्थानाच्या शाळेत ‘बनगरवाडी’चा मास्तर पायी चालत गेला, ते संस्थान नकाशावरून जाऊन तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती.